‘ऑल ऑफ बाख’: बाखचं संगीत फुकटात आणि नीट ऐकवणारी डच सेवा

योहान सेबास्टियन बाख हा अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार ऐकायचा म्हणून यूट्यूबवर नुसतं नाव टाकलं की ‘अभ्यासासाठी बाख’, ‘गाढ झोपेसाठी बाख’ अशा मथळ्यांचे कित्येक तासांचे व्हिडिओ पुढ्यात येतात. वादक कोण, वाद्य कुठलं, ध्वनिमुद्रण कधीचं, कशाचाच पत्ता नसतो. कधी कधी तर रचनाही बाखची नसते. पियानोच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांना पाठ असलेला जी मेजरमधला मिन्युएट, म्हणजे नाचाचा छोटा तुकडा, घ्या. बाखची दुसरी पत्नी आना माग्डालेना हिच्या वहीत तो उतरवलेला होता, म्हणून वर्षानुवर्षं बाखच्या नावावर खपला. मुळात तो ड्रेस्डेनच्या क्रिस्टियान पेट्झोल्ड या संगीतकाराचा.

या गर्दीत नेदरलँड्स बाख सोसायटीची ‘ऑल ऑफ बाख’ ही सेवा वेगळी उठून दिसते. नार्डेन गावच्या मोठ्या चर्चमध्ये ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ हे येशूच्या अखेरच्या दिवसांची कथा सांगणारं बाखचं गायनकाम सादर करण्यासाठी १९२१ साली ही संस्था निघाली, आणि ते सादरीकरण आजही ईस्टरच्या आधी तिथे होतं. २०१४ मध्ये संस्थेने बाखची प्रत्येक रचना नव्याने वाजवून, चित्रित करून सगळ्यांसाठी खुली करायचं काम हाती घेतलं. बाखच्या रचनांच्या मूळ सूचीत क्रमांक १०८० पर्यंत जातात, त्यावरून आवाका लक्षात यावा. सगळं काही संस्थेच्या संकेतस्थळावर आणि यूट्यूब वाहिनीवर आहे. नोंदणी करावी लागत नाही, पैसे लागत नाहीत. देणगी द्यावीशी वाटली तर देता येते. बाखशी ओळख करून घ्यायला इंटरनेटवर याहून चांगली जागा नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र ती कशी वापरायची हे ठाऊक नसेल तर दोन-चार व्हिडिओंनंतर माणूस कंटाळून निघून जातो.

संकेतस्थळावर प्रत्येक रचनेला स्वतंत्र पान आहे. व्हिडिओखाली रचना कधी आणि कशासाठी लिहिली याची छोटी टिपणी, वादकांची नावं, गायन असेल तर मूळ शब्द आणि त्यांचं इंग्रजी भाषांतर, आणि बऱ्याच ठिकाणी वादकाची मुलाखत असते. आधी टिपणी वाचा, मग व्हिडिओ लावा. यूट्यूबवरून थेट आलात तर यातलं बरंचसं हातून निसटतं.

शोध घ्यायचा तो बीडब्ल्यूव्ही क्रमांकाने, म्हणजे बाखच्या रचनांच्या सूचीतल्या क्रमांकाने. वोल्फगांग श्मीडरने १९५० मध्ये ही सूची केली तेव्हा रचना काळानुसार न लावता प्रकारानुसार लावल्या. त्यामुळे क्रमांक १ म्हणजे बाखची पहिली रचना, असं समजून सुरुवात करणारे फसतात. क्रमांक १ ची कँटाटा (गायक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची अनेक भागांची रचना) १७२५ ची आहे. बाखने तेव्हा नुकतीच चाळिशी गाठली होती. ढोबळ खुणा अशा: पहिल्या दोनशेच्या आसपास चर्चमधल्या कँटाटा, २३२ ते २४८ या टापूत मोठी गायनकामं, ५२५ पासून ऑर्गन, ७७२ पासून हार्पसिकॉर्डसारखी पट्ट्यांची वाद्यं, १००१ ते १००६ एकल व्हायोलिन, १००७ ते १०१२ एकल चेलो, १०४६ ते १०५१ ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तो (कॉन्चेर्तो म्हणजे काही वाद्यं पुढे आणि बाकीचा वृंद सोबतीला).

पानावरचं साल बघायची सवय लावली तर चरित्रही आपोआप उलगडत जातं. १६८५ साली आयझेनाखला जन्मलेल्या बाखने आयुष्यभर नोकऱ्या केल्या, आणि नोकरीत जे लागेल ते लिहिलं. १७०८ ते १७१७ वायमारच्या दरबारात तो ऑर्गनवादक होता, म्हणून ऑर्गनच्या पुष्कळ मोठ्या रचना तिथल्या. ती नोकरी सोडायचा हट्ट धरल्यामुळे ड्यूकने त्याला जवळजवळ महिनाभर कैदेत ठेवलं होतं. १७१७ ते १७२३ क्यूटेनमध्ये मालक कॅल्व्हिनपंथी. त्या पंथाच्या प्रार्थनेत वाद्यसंगीताला फारशी जागा नाही, पण राजपुत्र स्वतः वाजवणारा आणि हाताशी उत्तम वादक. एकल व्हायोलिनच्या सहा रचनांची स्वहस्तलिखित प्रत १७२० ची आहे, ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तोंची अर्पणपत्रिका मार्च १७२१ ची. १७२३ पासून १७५० मध्ये मृत्यू येईपर्यंत लाइप्झिग: तिथे पहिली काही वर्षं जवळजवळ दर रविवारी नवी कँटाटा. लिहायची, घरच्यांनी नि विद्यार्थ्यांनी प्रत्येक वादकासाठी नकला करायच्या, आणि लगेच रविवारी सादर करायची. १७२३-२४ मधल्या कँटाटा तारखेच्या क्रमाने पाहिल्या की या कामाचा वेग अंगावर येतो.

आता ऐकण्याबद्दल. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. चेलोचा सर्वांत खालचा सूर साधारण ६५ हर्ट्झचा, ऑर्गनच्या पायपट्ट्यांवरची १६ फुटी नळी जाते ३३ च्या आसपास. फोनचा चिमुकला स्पीकर दोनशे-तीनशे हर्ट्झच्या खाली फारसं काही देऊच शकत नाही. बाखचं संगीत खालून वर बांधलेलं असतं. वरच्या सुरावटींना अर्थ येतो तो खालच्या बासमुळे. तो बासच गायब झाला की उरतात नुसती टोकदार व्हायोलिनं, आणि ‘सगळं सारखंच वाटतं’ ही तक्रार बहुतेक वेळा तिथून येते. हजार-दीड हजाराचे वायरवाले हेडफोन पुरेसे आहेत. बास बूस्ट, सराउंड वगैरे बटणं बंद ठेवा, कारण बास वाढवला की तो फुगतो आणि दोन खालच्या ओळी एकमेकींत मिसळतात. हार्पसिकॉर्डसाठी आवाज कमीच ठेवावा. त्यात तारा छेडल्या जातात आणि पट्टी जोरात दाबली तरी सूर मोठा होत नाही. मुळात नाजूक असलेला हा आवाज लोक वाढवून ऐकतात आणि दहा मिनिटांत त्यांचं डोकं दुखू लागतं.

पेटी किंवा कीबोर्ड घेऊन सोबत वाजवायला बसणाऱ्यांची एक हमखास अडचण होते: सूर जुळत नाही. संस्था बाखच्या काळच्या पद्धतीची वाद्यं वापरते आणि बहुतेक वाद्यवृंदी रचनांत ए हा सूर ४१५ हर्ट्झला लावते. आपली पेटी ४४० ची. हा फरक बरोबर एका अर्ध्या सुराचा आहे. म्हणजे कागदावर डी मायनर लिहिलेली रचना पांढरी दोनऐवजी काळी एकमध्ये ऐकू येते. इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर ट्रान्स्पोज उणे १ करा, स्केल चेंजर पेटी असेल तर एक पट्टी खाली सरकवा, आणि छापील स्वरलिपी आहे तशी वाजवा. ऑर्गनच्या व्हिडिओंना हा हिशोब लावू नका. जुन्या ऑर्गनांचा सूर जागोजागी वेगळा असतो, आणि जर्मन चर्चमधले कितीतरी ऑर्गन इतर वाद्यांपेक्षा चढे होते. लाइप्झिगमध्ये ऑर्गन एक पूर्ण सूर चढा असल्यामुळे बाख कँटाटांमध्ये ऑर्गनवादकाचा कागद एक सूर खाली लिहून देत असे.

या सेवेचं खरं वैशिष्ट्य कॅमेऱ्यात आहे. वाद्यवृंदाच्या व्हिडिओत हार्पसिकॉर्ड किंवा छोट्या ऑर्गनवर बसलेल्या वादकाकडे नीट बघा. मुळात त्याला लिहून दिलेली असते ती फक्त डाव्या हाताची बासची ओळ, आणि तिच्याबरोबर काही आकडे. ई या सुरावर ६ असेल तर त्याच्यापासून तिसरा आणि सहावा, म्हणजे जी आणि सी, उजव्या हाताने घ्यायचे. पण ते एकदम दाबायचे की एकामागून एक सोडायचे, वर घ्यायचे की खाली, गायकाच्या श्वासाला जागा ठेवायची की भरून काढायची, हे तो त्या क्षणी ठरवतो. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात सगळं कागदावर ठरलेलं असतं, ही आपल्याकडे पक्की बसलेली समजूत या एका माणसाकडे बघितलं की सुटते.

तसाच सेर्गेई मालोव्हने वाजवलेला सहावा चेलो सूट, क्रमांक १०१२. तो गुडघ्यांत धरलेल्या चेलोवर नाही. गळ्यात पट्टा अडकवून छातीवर आडवं धरायचं ‘व्हिओलोन्चेलो दा स्पाल्ला’ नावाचं पाच तारांचं वाद्य आहे. या सूटसाठी पाच तारा हव्यात हे आना माग्डालेनाच्या नकलेतच नोंदलेलं आहे; बाखच्या स्वतःच्या हातची चेलो सूट्सची प्रत टिकलेली नाही. चार तारांच्या नेहमीच्या चेलोवर हाच सूट वाजवताना अंगठा तारेवर चढवून फार वरच्या जागी जावं लागतं आणि वादकाचा ताण ऐकू येतो. मालोव्हचा हात पाचव्या तारेवर सहज जातो, आणि कठीण म्हणून गाजलेला सूट नाचासारखा मोकळा होतो. नाचांचीच तर मालिका आहे ती.

सुरुवात कुठून करावी? लुसिया स्वार्ट्सचा पहिला चेलो सूट, १००७. एकच वाद्य असल्यामुळे कान गोंधळत नाही. मग दोन व्हायोलिनांचा डी मायनर कॉन्चेर्तो, १०४३, शुन्स्के सातो आणि एमिली डीन्स यांचा. मोजके वादक, समोरासमोर. त्याच्या संथ मधल्या भागात एक व्हायोलिन सूर धरून ठेवतं, दुसरं खालून सरकतं, क्षणभर दोन सूर एकमेकांना टोचतात आणि धरलेला सूर उतरल्यावर ते टोचणं विरतं. हे एकदा कानाने पकडलं की बाखमध्ये जागोजागी सापडतं. तिसरा, ग्रोनिंगेनच्या मार्टिनी चर्चमधल्या, श्निटगर या कारागिराच्या ऑर्गनवर लेओ व्हान डूसेलारने वाजवलेला ५६५, सगळ्यांच्या ओळखीचा टोकाटा आणि फ्यूग. तो बाखचाच का, याबद्दल अभ्यासकांत वाद आहे, पण पाय काय काम करतात हे बघायला याहून चांगला व्हिडिओ नाही.

फ्यूग म्हणजे एकच विषय, एकच छोटी सुरावट, वेगवेगळ्या आवाजांनी एकामागून एक उचलायची अशी रचना. तिच्यापाशी नवखा ऐकणारा अडखळतो, म्हणून एक फ्यूग नीट फोडून सांगतो. ‘वेल टेम्पर्ड क्लाविअर’ या संग्रहाच्या प्रत्येक भागात प्रेल्यूड (आधीचा मोकळा तुकडा) आणि फ्यूग अशा चोवीस जोड्या आहेत; त्याच्या पहिल्या भागातला सी मायनर, क्रमांक ८४७. तीन आवाज, एकूण ३१ बार (तालाचे सारखे तुकडे), दोन मिनिटांच्या आतबाहेर. सीला सा धरा. विषय एकट्या मधल्या आवाजात सुरू होतो: सां नी सां प, कोमल ध, सां नी सां रें. हे आधी गुणगुणून पाठ करा. ते न करता पुढे गेलात तर हरवणार हे नक्की. तिसऱ्या बारमध्ये वरचा आवाज तोच विषय पंचमावरून घेतो. जसाच्या तसा उचलला असता तर प, तीव्र म, प, रे, कोमल ग असं आलं असतं. बाख रे बदलून तिथे सा ठेवतो, म्हणजे इतक्या लवकर षड्ज हलत नाही आणि घर कुठे आहे हे कानाला कळत राहतं. मग दोन बार नुसती जोडणी. सातव्या बारमध्ये बास विषय घेऊन येतो, आणि फोनच्या स्पीकरवर नेमका हाच प्रवेश दबून जातो. पुढे विषय येतो-जातो. शेवटच्या तीन बारमध्ये खाली सा धरलेला, वर विषय एकदा अखेरचा, आणि अंतिम स्वरसंघात कोमल ग जाऊन शुद्ध ग लागतो. पहिल्यांदा ऐकताना फक्त विषयाचे प्रवेश बोटांवर मोजा, दुसऱ्यांदा फक्त बास ऐका, तिसऱ्यांदा काहीच करू नका.

जाँ राँदोने वाजवलेल्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्स, क्रमांक ९८८, हा सेवेतला मोठा ठेवा आहे. इथे बहुतेकांचा घोळ असा होतो: सुरुवातीच्या आरियाची, म्हणजे गाण्यासारख्या पहिल्या तुकड्याची, गोड सुरावट लक्षात ठेवतात आणि पुढच्या तीस भागांत तिला शोधत बसतात. ती मिळत नाही, कारण बाखने बदल केलेत ते सुरावटीवर नाहीत; सगळे भाग आरियाच्या ३२ बारांच्या बासवर उभे आहेत. म्हणून आरिया वाजताना डाव्या हाताकडे लक्ष द्या: सा, नी, ध, प असा उतरत जाणारा बास आहे. शेवटचा, तिसावा सोडला तर दर तिसरा भाग कॅनन आहे, म्हणजे एक आवाज दुसऱ्याची नक्कल करतो, आणि नकलेचं अंतर दर कॅननला एका सुराने वाढत जातं. रचना दोन थरांच्या हार्पसिकॉर्डसाठी आहे. काही भागांत दोन्ही हात एकाच टापूत एकमेकांवरून जातात. पियानोवर ते हात एकमेकांत अडकतात, इथे वरच्या नि खालच्या थरावर निवांत फिरताना दिसतात. राँदोची चाल सावकाश आणि लवचीक आहे. लयीचा ठोका पक्का हवा असणाऱ्यांना ती खटकेल. आमच्या मते आरियाला ती शोभते, काही जलद भागांना कमी.

‘सेंट मॅथ्यू पॅशन’, क्रमांक २४४, पावणेतीन तासांच्या घरातलं काम आहे. ते एका बैठकीत उरकायचा आग्रह धरू नये. मूळ सादरीकरणातही दोन भागांच्या मधे प्रवचन होतं, तेव्हा पहिला भाग आज, दुसरा उद्या, हे बाखच्या रचनेला धरूनच आहे. मराठी श्रोत्याला याची बांधणी परकी वाटू नये, कारण ती कीर्तनासारखी चालते: एक जण कथा सांगत पुढे नेतो, मोक्याच्या जागी कथा थांबवून त्या प्रसंगावर पद म्हटलं जातं, आणि अधूनमधून सगळ्यांच्या तोंडी असलेली भजनं येतात. कथेकरी इथे टेनर, म्हणजे चढ्या आवाजाचा पुरुष गायक, आहे, त्याच्यामागे फक्त बास आणि हार्पसिकॉर्ड किंवा ऑर्गन. येशू बोलतो तेव्हा तारवाद्यं लांब सूर धरून त्याला वेढतात. क्रुसावरच्या शेवटच्या हाकेला मात्र ती गप्प होतात. शब्द जर्मन आहेत, तेव्हा पानावरचं भाषांतर दुसऱ्या पडद्यावर उघडं ठेवा किंवा छापून घ्या. सुरुवातीच्या समूहगानात दोन गायकवृंद एकमेकांना प्रश्नोत्तरं करत असतात आणि त्यांच्या डोक्यावरून तिसरी, संथ भजनाची ओळ तरंगत जाते. ती ओळ पहिल्या ऐकण्यात निसटते, म्हणून तेवढा भाग दोनदा लावा. वेळ अगदीच कमी असेल तर शिष्य पीटर येशूला ओळखत नाही म्हणतो तिथून पुढचं ‘एरबार्मे डिख’ (‘दया कर’) ऐका: आल्टो, म्हणजे स्त्रियांच्या खालच्या पट्टीतला आवाज, त्याच्याभोवती एकटं व्हायोलिन.

आता उणिवा. संग्रह अजून पूर्ण नाही, त्यामुळे हवी ती कँटाटा मिळेलच असं नाही. प्रत्येक रचनेचं एकच सादरीकरण असतं; तुलना करायची तर बाहेर जावं लागतं. ‘वेल टेम्पर्ड क्लाविअर’ अनेक वादकांत वाटून दिलं आहे आणि काही चित्रण वादकांच्या घरी झालेलं आहे. घरगुती संगीत घरात, ही कल्पना छान आहे, पण चोवीसच्या चोवीस जोड्या ओळीने ऐकायला घेतल्या तर दर काही मिनिटांनी वाद्य, खोली आणि स्वभाव बदलतो. सलग ऐकायला ते त्रासदायक होतं. एकेक जोडी ऐकायला उत्तम. लाइप्झिगला वरचे आवाज मुलगे गात असत, इथे बहुतांशी स्त्रिया गातात. गायकवृंद छोटा असतो. हे ऐतिहासिकदृष्ट्या बरोबरच आहे, १७३० च्या निवेदनात बाखने स्वतः बारा, शक्यतो सोळा गायक मागितले होते. पण शंभर जणांच्या कोरसची सवय असलेल्यांना सुरुवातीला आवाज पातळ वाटेल. पियानोवरचा बाख हवा असेल तर ही जागा तुमची नव्हे. आणि यूट्यूबच्या फुकट वापरात लांब रचनेच्या मधेच जाहिरात घुसू शकते.

शिकणाऱ्यांनी व्हिडिओचा वेग ०.७५ करावा, सूर तोच राहतो आणि बोटं दिसतात. सोबत वाजवताना ब्लूटूथ हेडफोन नकोत, आवाज उशिरा पोचतो आणि ताल चुकतो. स्वरलिपी आयएमएसएलपी या स्वरलिप्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळते, पण पहिली दिसेल ती उतरवून घेऊ नका. एकोणिसाव्या शतकातल्या चेर्नी या पियानोशिक्षकाच्या आवृत्तीत आवाज वाढवण्या-कमी करण्याच्या नि वेगाच्या खुणा त्याच्या स्वतःच्या आहेत, आणि सोबतच्या हार्पसिकॉर्डवर तर त्यातल्या निम्म्या करताच येत नाहीत. तपासायची सोपी रीत: सी मेजरचा पहिला प्रेल्यूड, क्रमांक ८४६, उघडा आणि बार मोजा. ३५ भरले तर बरोबर. ३६ भरले तर २२ व्या बारनंतर श्वेंके नावाच्या संगीतकाराच्या प्रतीतून शिरलेला जादा बार त्यात आहे. ती आवृत्ती बाजूला ठेवा आणि बाख गेझेलशाफ्ट या जर्मन संस्थेची घ्या.